सिंगलेट ऑक्सिजन साठवणारे रेणू: या चुका टाळा

रुब्रीन या सेंद्रिय संयुगाचं लालसर द्रावण हवेत, उजेडात ठेवलं की त्याचा रंग उडतो. त्यातून मिळालेला फिकट पदार्थ तापवला की ऑक्सिजन सुटतो आणि लाल रंग परत येतो. मूरू आणि द्युफ्रेस यांनी हे फ्रान्समध्ये १९२६ साली मांडलं. असा ऑक्सिजन पकडून ठेवलेला पदार्थ म्हणजे एंडोपेरॉक्साइड. आज अँथ्रासीन, नॅफ्थलीन आणि पायरिडोन यांचे एंडोपेरॉक्साइड आपण याच गुणासाठी वापरतो. उजेड न पाडता, अंधारात सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनची जास्त ऊर्जेची, उत्तेजित अवस्था, मिळावा हा हेतू. पण बऱ्याच वेळा आकडे जुळत नाहीत, आणि त्यामागची कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे या पदार्थाला बाटलीतल्या साध्या अभिकर्मकासारखं वागवणं. माठ जसा सतत पाझरतो, तसा हा रेणूही पाझरत राहतो. पाझरण्याचा वेग तापमान ठरवतं. १,४-डायमिथाइलनॅफ्थलीनच्या एंडोपेरॉक्साइडचं अर्धायुष्य २५ अंशांना साधारण ५ तास असतं. पाण्यात विरघळणारं, दोन प्रोपियोनेट गट असलेलं त्याचं भावंड ३७ अंशांना अंदाजे २३ मिनिटांत निम्मं रिकामं होतं, म्हणजे दोन तासांनी जेमतेम ३ टक्के उरतं. द्रावण करून जेवायला गेलात, परत येऊन पेशींवर टाकलंत, तर नेमकी किती मात्रा दिली हे कुणालाच सांगता येणार नाही. उणे ८० अंशांत साठवा, बर्फावर हाताळा आणि वापरण्याच्या दिवशीच एनएमआर (चुंबकीय अनुनाद) किंवा यूव्ही (अतिनील शोषण) वर्णपटावर शिल्लक मोजा.

याच्या उलट चूकही होते. ९,१०-डायफिनाइलअँथ्रासीनचा एंडोपेरॉक्साइड खोलीच्या तापमानाला निवांत टिकतो, त्याला सोडायला लावायचं तर १०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. तो ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून परिणाम दिसत नाही म्हणणं व्यर्थ आहे. आणि प्रत्येक एंडोपेरॉक्साइड ऑक्सिजन परत देतोच असंही नाही. चाकवताच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या तेलात अॅस्कॅरिडोल असतं. तेही एंडोपेरॉक्साइडच, पण तापवलं की ऑक्सिजन न सोडता स्वतःचीच रचना बदलतं. साध्या अँथ्रासीनचंही बरंचसं तसंच होतं. एनएमआरमध्ये मूळ संयुगाशिवाय भलतीच शिखरं दिसू लागली तर हीच शंका आधी घ्या. एनएमआरसाठी वापरलेलं जुनं, आम्लयुक्त झालेलं ड्युटेरोक्लोरोफॉर्म हे द्रावकही अशी पुनर्रचना घडवू शकतं.

हिशेबातली चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती छापील निष्कर्षापर्यंत पोचते. एक मोल एंडोपेरॉक्साइड म्हणजे एक मोल सिंगलेट ऑक्सिजन नव्हे! पाण्यातल्या त्या नॅफ्थलीन संयुगातून साधारण निम्माच ऑक्सिजन उत्तेजित अवस्थेत येतो, बाकीचा हवेतल्यासारखा साधा. शिवाय पाण्यात सिंगलेट ऑक्सिजनचं आयुष्य ३.५ मायक्रोसेकंद, तेवढ्यात तो शे-दोनशे नॅनोमीटरच सरकतो. म्हणून दाता, म्हणजे ऑक्सिजन सोडणारा रेणू, कुठे बसला आहे याला फार महत्त्व आहे. ऋणभारित दाता पेशीच्या आवरणाबाहेरच राहतो, आणि आतल्या लक्ष्यापर्यंत त्याचा ऑक्सिजन सहसा पोचत नाही.

आता रंगद्रव्याकडे. हे एंडोपेरॉक्साइड बनवताना लागणारा सिंगलेट ऑक्सिजन मिळवायला आपण मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य आणि लाल उजेड वापरतो. त्याचा अंश उरला तर ट्यूबलाइटखाली तोच सिंगलेट ऑक्सिजन बनवत राहतो, आणि श्रेय मात्र एंडोपेरॉक्साइडला जातं. निळी झाक दिसत नाही म्हणून समाधान मानू नका. ६६० नॅनोमीटरजवळ शोषण तपासा आणि प्रयोग काळोखात करा. मॉलिब्डेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा मार्ग घेतलात तर रंगद्रव्याचा प्रश्नच उरत नाही, पण मग उरलेलं पेरॉक्साइड नीट काढावं लागतं.

सिंगलेट ऑक्सिजन ओळखायला, मोजायला वापरतो ते पदार्थही दगा देतात. ‘सिंगलेट ऑक्सिजन सेन्सर ग्रीन’ हा चमकणारा सूचक उजेडात स्वतःच सिंगलेट ऑक्सिजन तयार करू शकतो. डायफिनाइलआयसोबेन्झोफ्युरान हा दुसरा सूचक इतर ऑक्सिडीकारकांशीही अभिक्रिया करतो. सिंगलेट ऑक्सिजन शमवणाऱ्या सोडियम अझाइडने परिणाम थांबला एवढ्यावर पुरावा पुरा होत नाही, कारण अझाइड हायड्रॉक्सिल मूलकही टिपतो. सोबत जड पाण्यातला प्रयोग लावा. तिथे सिंगलेट ऑक्सिजनचं आयुष्य जवळपास वीसपट असतं, त्यामुळे परिणाम वाढायला हवा. आणि ऑक्सिजन सोडून रिकामं झालेलं मूळ नॅफ्थलीन तेवढ्याच तीव्रतेत टाकून बघितल्याशिवाय काहीही लिहू नका. विषारीपणा त्याचाही असू शकतो.

शेवटचं सुरक्षेबद्दल. द्रावक उडवताना रोटाव्हॅपचं (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्राचं) कुंड गरम ठेवू नका. एक तर माल वाया जातो, दुसरं म्हणजे सुकं, घट्ट झालेलं पेरॉक्साइड फुटू शकतं. मिलिग्रॅमांत काम करा, ढालीआड करा, धातूच्या चमच्याने खरवडू नका.