पारावरचा वाद कागदावर कसा उतरवावा

२०१५ चा पावसाळा. रानात सोयाबीन माना टाकत होतं आणि तेव्हाच्या औरंगाबादेतून, चिकलठाणा विमानतळावरून कृत्रिम पावसाचं विमान उडायला लागलं होतं. एका संध्याकाळी आमच्या गावावर अर्धा तास चांगली सर आली. मी त्याच रात्री एका दैनिकाला पत्र लिहिलं : विज्ञानाने पाऊस पाडून दाखवला, आता टीका करणाऱ्यांनी तोंड मिटावं. पत्र छापून आलं, मी कात्रण खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी पारावर चुलते म्हणाले, "लिहूलालास ते समदं ठीक हाय. पण इमान त्या दिवशी आपल्याकडं आलतं का?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते म्हणतात. माझ्या बाबतीत कावळा बसला होता की नाही, याचाच पत्ता नव्हता. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा जवळपास ४० टक्के कमी पडला.

तेव्हापासून तंत्रज्ञान, युद्ध किंवा राजकारणावर चार ओळी लिहायच्या तरी मी पुढच्या वाटेने जातो. उदाहरण कृत्रिम पावसाचंच ठेवतो, कारण त्यात हे तिन्ही विषय एकाच आभाळाखाली सापडतात.

पहिली पायरी : विषय सोडा, प्रश्न धरा

महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो. "अमुक तमुक : शाप की वरदान" असा विषय दिसला की पोटात गोळा येतो. पोरं छान बोलतात, हातवारे करतात, आणि शेवटी हातात काही लागत नाही. कारण शाप-वरदान हा प्रश्नच नाही, ती पूजा आहे.

वहीत प्रश्न लिहा, आणि एकाच्या पोटात किती दडलेत ते बघा. ढगात क्षार फवारल्याने पाऊस वाढतो का? वाढत असेल तर तेवढ्याच पैशात दुसरं काही जास्त पाणी देईल का? आणि विमान कोणत्या तालुक्यावर न्यायचं हे कोणी ठरवायचं? पहिल्याचं उत्तर हवामानशास्त्र देतं, दुसऱ्याचं हिशेबाची वही, तिसऱ्याचं मतदार. आपल्याकडचे बहुतेक वाद बिघडतात ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याच्या खिशातून काढल्यामुळे. आपला पक्ष सत्तेत असला की पाऊस पडतो, नसला की पडत नाही!

दुसरी : यंत्र कसं चालतं ते पाच ओळींत लिहा

ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते खाली पडत नाहीत, तरंगत राहतात. मिठासारख्या क्षाराचे कण सोडले की त्यांच्याभोवती बाष्प गोळा होतं, थेंब जड होतो. ढग उंच आणि गोठणबिंदूच्या खाली थंड असेल, तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात; त्याच्या कणांवर बर्फाचे स्फटिक धरतात. हे सगळं १९४६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सुरू झालं.

झाल्या पाच ओळी. आता त्यांच्याकडे नीट बघा : सुरुवातच "ढगातले" या शब्दाने झाली आहे. ढग असावा लागतो. आभाळ कोरडं ठणठणीत असेल तर विमान नुसतं चक्कर मारून येतं. म्हणजे "दुष्काळावर रामबाण उपाय" हे वाक्य कुणा तज्ज्ञाला न विचारताच गळून पडलं. ड्रोन असो, मतदान यंत्र असो, कृत्रिम बुद्धिमत्ता असो, पाच ओळी लिहिता येत नसतील तोवर मत राखून ठेवावं. मी स्वतः मतदान यंत्राच्या पाच ओळींवर दोन महिने अडलो होतो.

तिसरी : कोण म्हणतं, आणि त्याला कसं कळलं?

इथे वेळ घालवा. माझ्या वहीत तीन रकाने असतात : सांगणारा कोण, त्याने स्वतः काय पाहिलं, आणि हे खरं ठरलं तर त्याचा फायदा काय.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर भागात प्रयोग केला. काही ढगांवर फवारणी केली, काही तसेच सोडले, आणि कोणता ढग कोणत्या गटात जाईल हे माणसाच्या मर्जीवर ठेवलं नाही. कावळ्या-फांदीचा घोळ सोडवायचा हाच मार्ग. फवारलेल्या ढगांच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस सरासरी १८ टक्के वाढला.

आता हा १८ चा आकडा पाठ करून सुटू नका. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, आपल्या धाराशिवला लागून आहे, पण मराठवाड्यात नाही. आणि १८ टक्के कशाचे? दहा मिलिमीटर पडणार असेल तिथे दोन मिलिमीटरसुद्धा जादा नाही. तरीही आकडा शून्य नाही, हे टीका करणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहायला हवं.

युद्धाचं काय? "शेजारचा देश आपले ढग पळवतो" असा एक मेसेज दर उन्हाळ्यात गटागटांतून फिरतो. २०१८ साली इराणच्या एका लष्करी अधिकाऱ्याने इस्रायलवर हाच आरोप केला होता आणि इराणच्याच हवामान खात्याच्या प्रमुखाने तो खोडून काढला. एवढं वाचून "सगळ्या थापा" असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने १९६७ ते १९७२ या काळात हो ची मिन्ह मार्गावर खरोखरच ढगांत फवारणी केली होती, पावसाळा लांबावा आणि रसद नेणाऱ्या वाटा चिखलात रुताव्यात म्हणून. अडीच हजारांवर उड्डाणं झाली. गुपित होतं, पत्रकारांनी १९७१-७२ मध्ये फोडलं, १९७४ मध्ये सिनेटपुढे कबुली आली आणि १९७७ मध्ये हवामान व पर्यावरणाचा शस्त्र म्हणून वापर करण्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला.

म्हणजे कागदावर दोन वाक्यं येतात. ढग चोरून नेता येतात, हे खोटं. पावसाचा हत्यार म्हणून वापर झालेला आहे, हे खरं. दोन्ही एकत्र लिहिणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

युद्धाच्या बाबतीत आणखी एक सवय लावून घ्या, लेखावर तारीख टाका. "आजपर्यंत समोर आलेल्या माहितीनुसार" हे शब्द भित्रे नाहीत. वरच्या प्रकरणात खरं बाहेर यायला वर्षं लागली. आणि व्हिडिओ बघून लगेच पेटू नका. 'आर्मा ३' या संगणकीय खेळातली दृश्यं युक्रेनची लढाई म्हणून इतकी फिरली की २०२२ मध्ये खेळ बनवणाऱ्या चेक कंपनीलाच ती ओळखायच्या खुणा सांगाव्या लागल्या : धूसर चित्र, हलता कॅमेरा, रात्रीचा अंधार.

चौथी : आकडा तांब्याने मोजा

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पाच लाख म्हटलं की डोळ्यांपुढे तळं येतं. आता भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. माणशी सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे एक तांब्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, तेव्हा माणशी साडेसहा लिटर. बादली अर्धीसुद्धा भरत नाही.

म्हणून गाडी निकामी होती का? नाही. तो तांब्या प्यायचा होता. पण "गाडीने लातूर वाचवलं" आणि "गाडी नुसता तमाशा" ही दोन्ही वाक्यं त्या तांब्यात बुडतात.

पाचवी : शब्द कोणाचा आहे ते पाहा

आमच्या आजीच्या तोंडी "पोलीस अ‍ॅक्शन" असायचं. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरलं ते लष्कर. मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन पोलो. मग पोलीस का? कारण हैदराबादने तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली होती आणि भारताच्या दृष्टीने तो घरातला प्रश्न होता. एका शब्दाने अख्खी बाजू मांडून टाकली. आपण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. रझाकारांचे अत्याचार ज्यांनी भोगले त्यांच्यासाठी तो शब्द खराच आहे. त्यानंतरच्या हिंसाचारात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला, हेही तितकंच खरं. यावर लिहायचं तर आधी काय घडलं ते लिहा, नाव मागाहून द्या.

सहावी : समोरचा मान डोलावेल असं त्याचं म्हणणं लिहा

जायकवाडीचं घ्या. १५ ऑक्टोबरला धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, या निकषावरून वर्षानुवर्षं भांडण चाललंय. आपण हक्काचं पाणी म्हणतो, आणि ते बरोबरच आहे असं माझं मत आहे. पण नाशिकचा माणूस काय म्हणतो? सोडलेलं पाणी कोरड्या पात्रात मुरतं, वाटेत उपसलं जातं, आणि तुम्ही खाली ऊस लावता. यातला उसाचा मुद्दा झोंबतो, म्हणूनच तो लेखात यायला हवा. त्याला उत्तर नसेल तर तसं लिहा आणि आपला दावा तेवढा आखडता घ्या.

मग लिहायला बसा

पहिल्या वाक्यात दावा, मग पुरावा, मग दावा कुठे लंगडा पडतो ते, आणि काय दिसलं तर मी मत बदलेन ते. विशेषणं शेवटी, उरलीच तर. "सर्वांना माहीतच आहे", "अभ्यासकांचं म्हणणं आहे" असलं काही आलं की खोडा. कोणते अभ्यासक ते सांगा नाहीतर वाक्य सोडा. सहाशे शब्द पुरतात.

माझं जुनं पत्र मी पुन्हा लिहून पाहिलं ते असं :

"कृत्रिम पावसाच्या विमानामुळे आमच्या गावात पाऊस पडला की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवशी विमान आमच्या भागावर आलं होतं का, याची नोंद मी पाहिलेली नाही. ढग असतील तर फवारणीने पाऊस काहीसा वाढू शकतो, असं सोलापूरच्या प्रयोगावरून दिसतं. पण ढगच नसतील त्या महिन्यांत हा खर्च वाया जातो, म्हणून विमानाच्या आधी पैसा नाला खोलीकरणाला आणि पाझर तलावांच्या दुरुस्तीला द्यावा. उड्डाणांच्या नोंदी आणि त्या त्या महसूल मंडळातला पाऊस शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध करावा. त्यात फरक दिसला तर मी माझं मत बदलेन."

चुलत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मंडळाचा पाऊस म्हणूलालास," ते म्हणाले, "पण मोजायचं यंत्र एका गावात आणि आपलं रान सात कोसावर. आपल्या रानात किती पडला ते कुणी मोजलं?"

मी पेन उघडलं आणि "महसूल मंडळातला पाऊस" याच्यापुढे आणखी एक वाक्य जोडलं.