ओटीपोटाचं जुनाट दुखणं आणि मालिश: या चुका टाळा

बडोद्यात कुणाचं ओटीपोट दुखायला लागलं की घरातलं पहिलं निदान ठरलेलं: पेचोटी खसली, म्हणजे बेंबी जागची सरकली. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही हेच बोललं जातं. मग ओळखीची मालिशवाली मावशी येते, बेंबीभोवती तेल लावून अंगठ्यानं खोल दाबते, दोन्ही पाय जुळवून अंगठे ओढून बघते. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ते दोन दिवसांचं बरं वाटणं खोटं नसतं. कोमट तेल, मायेचा हात आणि अर्धा तास निवांत पडणं, एवढ्यानं आखडलेले स्नायू सैलावतात. बेंबी मात्र जागची हललेली नसते, त्यामुळे ती बसवण्यासाठी लावलेला जोर वाया जातो, किंवा नडतो.

निदानाआधी मालिश

तीन ते सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. त्यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असू शकतो, मूत्राशयाचा विकार असू शकतो, आतड्याची तक्रार, जुन्या ऑपरेशनची आतली चिकटलेली जागा, दबलेली नस किंवा नुसते आखडलेले स्नायूही असू शकतात. बऱ्याचदा यातली दोन-तीन कारणं एकत्र नांदतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे ‘काही नाही, मनाचं आहे’ असा अर्थ काढू नका. एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही. मालिशनं तो जातही नाही, पण त्याच्यामुळे आखडून बसलेले स्नायू मोकळे होऊ शकतात. म्हणून आधी गायनॅक किंवा युरॉलॉजिस्ट, मग मालिश.

काही वेळा मालिशचं नावही काढू नका. ताप आणि घाण वासाचा स्राव, पाळी चुकलेली असताना एका बाजूला उठलेली कळ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त, लघवीतून रक्त, एकाच पायाला आलेली सूज. जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा येऊन लघवी अडली, किंवा पुरुषाच्या वृषणात अचानक तीव्र दुखायला लागलं, तर सकाळची वाट न बघता सयाजी हॉस्पिटल किंवा जवळचं कुठलंही मोठं इस्पितळ गाठा. वृषणाला पीळ पडला असेल तर हातात काही तासच असतात. गरोदर बाईनं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटाला हात लावू देऊ नये.

जोर लावणं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तोललेले असतात. दुखणं महिनोन्‌महिने राहिलं की शरीर ही झोळी आवळून धरतं. आवळलेल्या स्नायूत दुखऱ्या गाठी तयार होतात आणि त्यांची कळ भलतीकडेच उमटते. कुणाला सारखी लघवी लागते, कुणाला माकडहाडाशी ठणकतं, कुणाला शरीरसंबंध नकोसा होतो.

अशा स्नायूवर अंगठा रोवला की तो आणखी आवळतो. टेबलावर पडलेल्या बाईकडे नीट बघितलं तर कळतं. तोंडानं ती ‘चालेल, दाबा’ म्हणत असते, पण पायांची बोटं आत वळलेली असतात, श्वास छातीत अडकलेला असतो आणि मुठीत चादर असते. तिथेच हात हलका करायला हवा. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे झाले तर मालिश करताना ते चारच्या वर जाऊ देऊ नये. गाठीवर बोट ठेवून अर्धा ते दीड मिनिट थांबायचं, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा. श्वास आत घेताना ही झोळी आपोआप खाली उतरते, तेवढ्यात गाठ बोटाखाली विरघळल्यासारखी वाटते. नाही वाटली तर पुढे सरकायचं, हट्ट करायचा नाही.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे केगल. मोबाइलवर बघून बायका दिवसातून शंभरदा आवळण्याचा व्यायाम करतात. स्नायू ढिले असतील, शिंकताना लघवी सुटत असेल, तर तो उपयोगाचा. पण आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला सांगितलं तर दुखणं वाढणारच. मालिश चालू आणि केगलही चालू, असं असेल तर केगल थांबवा आणि फिजिओथेरपिस्टकडून स्नायू तपासून घ्या.

फक्त पोटच चोळणं

पोटात दुखतं म्हणून पोटच चोळलं जातं. पण कूल्ह्याच्या खोल स्नायूंत, मांडीच्या आतल्या बाजूला आणि कंबरेत मूळ असणं फार नेहमीचं आहे. घरी करायचं तर सुरुवात तिथूनच करा: गुडघ्यांखाली उशी घेऊन आडवं पडा, मांडीच्या आतल्या बाजूवर तळहातानं गुडघ्याकडून वर हलकेच सरका. कूल्ह्यासाठी भिंतीशी टेनिसचा बॉल धरला तरी पुरतो. बॉल माकडहाडावर ठेवू नका. बद्धकोष्ठ असेल तर पोटावरचा हात उजव्या जांघेकडून वर, मग आडवा, मग डावीकडे खाली असा फिरवा, मोठ्या आतड्याची वाट तीच आहे.

सिझेरियनचा टाका हा वेगळा विषय. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीची मालिश आणि पोटाला घट्ट पट्टा ठरलेलाच, पण ओल्या टाक्यावर चोळायचं नाही. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, दोन बोटांनी टाक्याभोवतीची कातडी इकडेतिकडे सरकवायची. आतून ओढल्यासारखी वाटत असेल तर तिथे थोडा वेळ द्या.

कुणाच्या हातात

पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे स्नायूंच्या त्या झोळीच्या, उपचारात कधीकधी योनीतून किंवा गुदद्वारातून बोटानं स्नायू सैल करतात. हे काम फक्त शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचं किंवा डॉक्टरचं. आधी समजावून सांगणं, तुमची संमती, ग्लोव्ह्ज, हवं तर सोबत घरची बाई, आणि मध्येच ‘बस’ म्हणायची मुभा, यातलं एक जरी नसेल तर उठून या. स्पामध्ये किंवा घरी येणाऱ्या बाईकडून हे कधीच करून घेऊ नका.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्राशयाच्या दुखण्याच्या ८१ बायकांना दोन गटांत विभागलं होतं. नेमक्या स्नायूंवरचा हा उपचार घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के आणि सर्वांगाची साधी मालिश घेणाऱ्यांपैकी २६ टक्के बायकांनी ‘बरंच बरं वाटतं’ असं सांगितलं. वेदनेच्या आकड्यांत मात्र दोन्ही गटांत मोठा फरक निघाला नाही. थोडक्यात, उपचार कामाचा आहे, जादूचा नाही. सहा-आठ बैठकांत काहीच हललं नाही तर पुढचं पॅकेज विकत घेण्याऐवजी निदानाकडे परत जा.

पुरुषांनाही हे दुखणं होतं आणि ते बोलत नाहीत. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, सुजली असेल म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतात, लघवीच्या तपासणीत जंतू नसतानाही. थंडी-ताप येऊन लघवीला जळजळ होत असेल तर प्रोस्टेटची मालिश मुळीच करू नये, जंतू रक्तात जाऊ शकतात.

मालिश चांगली झाली तरी दिवस तोच राहिला तर फायदा टिकत नाही. अहमदाबादला अपडाउन करणाऱ्या बायका गाडीतली घाण नको म्हणून तासन्‌तास लघवी धरतात, त्यासाठी पाणीही पित नाहीत. नवरात्रात वर्षभर बसलेलं अंग एकदम नऊ रात्री गरब्यात उतरतं. गरबा खेळा, पण आठवडाभर आधीपासून मांड्या-कूल्हे मोकळे करायला लागा.

बैठकीनंतर एक-दोन दिवस ठणका राहिला तर चालतो. तीन दिवसांनंतरही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या खेपेला आधी तेच सांगा आणि दाब कमी करायला लावा. त्यावर ‘दुखल्याशिवाय बरं होत नाही’ असं उत्तर आलं तर माणूस बदला.