भांडण होण्याआधी बसवायचे रिंगण

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळेच्या एखाद्या वर्गात एकाच बाकावरच्या तिघांपैकी एकाच्या घरी कोकणी, दुसऱ्याच्या घरी कन्नड आणि तिसऱ्याच्या घरी हिंदी बोलली जाते, असे आज सहज आढळते. अशा वर्गात प्रत्येक मुलाला आपले म्हणणे मांडण्याची जागा आणि चूक झाल्यावर पुन्हा सामावून जाण्याची वाट मिळावी, यासाठी ‘रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिस’ म्हणजे नाती सांधण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. कॅनडातील एलमायरा येथे १९७४ साली दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली, तेव्हा त्यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारी नेऊन समोरासमोर बोलायला लावण्यात आले; या विचाराला तेथून चालना मिळाली आणि पुढे तो शाळांमध्येही आला. कोणता नियम मोडला, यापेक्षा कोणाला काय लागले आणि ते भरून कसे काढायचे, हे त्यात आधी विचारले जाते.

सुरुवात भांडणापासून करू नये. आठवड्यातून दोनदा तरी प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटे बाक बाजूला सारून रिंगण करावे आणि शिक्षकानेही मुलांसोबत त्याच चटईवर बसावे. मात्र एखादे मूल चाकांच्या खुर्चीत असेल, तर सगळ्यांनीच खुर्च्यांवर बसावे. घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी हातोहात फिरवावी. ती ज्याच्या हातात असेल त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि बोलायचे नसेल त्याला ती पुढे देण्याची मोकळीक असावी. गावच्या मांडावर, म्हणजे गावकरी सण-उत्सवासाठी जमतात त्या जागी, मानाची क्रमवारी असते, तशी येथे नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे आणि दर वेळी वेगळ्या मुलापासून आरंभ करावा.

प्रश्न निवडताना फार जपावे लागते. ‘चवथीला माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) काय काय बांधले?’ असे विचारले, की ख्रिस्ती, मुस्लिम किंवा कर्नाटकातून आलेले मूल तिथेच रिंगणाबाहेर पडते. ‘तुमच्या घरी सणाला कोणता पदार्थ हमखास होतो?’ या प्रश्नाला मात्र प्रत्येकाकडे उत्तर असते. मराठी अडत असेल तर मुलाने घरच्या भाषेत बोलावे आणि ती जाणणाऱ्या सोबत्याने ते इतरांना सांगावे. ज्याला बोलणेच कठीण जाते, त्याला चित्र काढून दाखवू द्यावे.

हा पाया महिना-दोन महिने पक्का झाला, की भांडणातही रिंगण उपयोगी पडते. माझ्या वर्गात माध्यान्ह आहाराच्या वेळी एका मुलाला सतत ‘घाटी’, म्हणजे घाटापलीकडून आलेला, असे हिणवले जात असे आणि एके दिवशी त्याने चिडवणाऱ्याची पावभाजीची ताटली उडवली. मी आधी त्याला ‘सॉरी’ म्हणायला लावले, ही माझी चूक होती. तो जमिनीकडे पाहत ते पुटपुटला आणि दोघांचाही राग तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दोघांशी वेगवेगळे बोलून, त्यांची तयारी आहे याची खात्री करून, मी दोघांना आणि पाहून हसलेल्या दोन मुलांना एकत्र बसवले. काय झाले, तेव्हा मनात काय होते, कोणाला त्रास झाला आणि आता काय करायला हवे, एवढेच चार प्रश्न विचारले. तेव्हा त्या मुलाने हळूच सांगितले, की त्या नावामुळे तो बरेच दिवस नळाजवळ एकटाच जेवतो. चिडवणारा बराच वेळ करवंटी फिरवत राहिला आणि मग म्हणाला, ‘माका खबर नाशिल्लें’ (मला माहीत नव्हते). सांडलेली भाजी ज्या बाईंनी पुसली, त्यांना दुसऱ्या दिवशी मदत करण्याचे एकाने, तर पंगतीत एकट्या जेवणाऱ्या त्या मुलासाठी जागा धरण्याचे हसणाऱ्या दोघांनी कबूल केले. चिडवणारा नंतर एकदा घसरला, तेव्हा याच प्रश्नांनी पुन्हा बोलावे लागले.

या पद्धतीची मर्यादा मात्र काटेकोर पाळावी. लैंगिक छळ किंवा गंभीर मारहाण यांसाठी समोरासमोर बैठक कधीही घेऊ नये. तेथे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ आणि गोवा बाल कायदा २००३ लागू होतात, लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असते आणि १०९८ हा मदतक्रमांकही आहे. दुखावलेल्या मुलाची तयारी नसेल, तर साध्या भांडणातही त्याला बसवू नये.

पालकांना पुष्कळदा वाटते, की शिक्षा नाही म्हणजे लाड झाले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मारणे आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, हे त्यांना सांगावेच; पण पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत त्यांच्याच हाती करवंटी देऊन एक फेरी घेतली, तर अधिक पटते. बांधकामावर रोजंदारी करणाऱ्या आईवडिलांना दुपारी येता येत नाही, म्हणून ही बैठक त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावी.

जे ठरले ते वहीत तारखेसह दोन ओळींत लिहावे आणि आठव्या दिवशी ते पाळले गेले का, हे ज्याला लागले होते त्या मुलालाच सर्वांत आधी, बाजूला घेऊन विचारावे.