कोपऱ्यावरची व्हिक्टोरियन व्यापारी इमारत कशी पाहावी

इंग्लंडमधील गावाच्या चौकात उभी असलेली व्हिक्टोरियन काळातील, म्हणजे १८३७ ते १९०१ दरम्यानची, दुकानाची किंवा बँकेची इमारत पाहताना प्रथम रस्त्याच्या पलीकडे जाऊन नजर वर न्यावी, कारण तळमजल्याचे दुकान बहुधा अनेकदा बदललेले असते आणि मूळ रचना वरच्या मजल्यांवरच टिकून राहते.

मग कोपरा न्याहाळावा. तो अनेकदा तिरका छाटलेला असतो आणि मुख्य दार तेथेच असते, जेणेकरून दोन्ही रस्त्यांवरील गिऱ्हाईक एकाच उंबरठ्यावरून आत यावे. माथ्यावर मनोरा किंवा छोटा घुमट असल्यास त्याच्या आसपास बांधकामाचे वर्ष कोरलेला दगड शोधावा.

खिडक्यांना मात्र जास्त वेळ द्यावा. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाल्यानंतर मोठ्या तावदानांची दर्शनी खिडकी अधिक दुकानदारांना परवडू लागली. वरच्या भिंतीचा भार पेलणारे सडपातळ खांब ओतीव लोखंडाचे असू शकतात. धातूसारखा आवाज येतो का, ते बोटाने टकटक करून पाहावे. टोकदार कमानी गॉथिक पुनरुज्जीवनाकडे, म्हणजे मध्ययुगीन गॉथिक शैली पुन्हा वापरण्याच्या प्रवाहाकडे, तर अर्धवर्तुळाकार कमानी आणि छताखालची जड कंगणी (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) इटालियन वळणाकडे निर्देश करते, अर्थात बांधणारे दोन्हींची बिनदिक्कत सरमिसळ करीत.

शेवटी मागच्या गल्लीत अवश्य शिरावे. दर्शनी बाजूंवर घडीव दगड, टेराकोटा आणि रंगीत विटांची नक्षी असली, तरी मागे बहुधा साधी, स्वस्त वीटच दिसते. या दोन बांधकामांचा सांधा नेमका कोठे येतो, ते तपासावे.