‘तो स्वतःच काम सोडून गेला’ हे फाइलमधून सिद्ध होतं का?

एचआरमध्ये नव्याने आलेल्यांना मी आधी कामगार न्यायालयातला नेहमीचा वाद सांगतो. कामगार म्हणतो, मला गेटवर अडवलं. कंपनी म्हणते, तो स्वतःच यायचा बंद झाला. मस्टरवरची (हजेरीपटावरची) गैरहजेरी दोघांच्याही म्हणण्यात चपखल बसते, त्यामुळे नुसतं मस्टर पुरत नाही. ‘कामावर हजर व्हा’ असं पत्र त्याच आठवड्यात गेलं होतं का, हे विचारलं जातं.

स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या नोकरीविषयक लेखी नियमांत, ‘आठ दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नोकरीवरचा हक्क संपतो’ असं कलम असलं, तरी त्यावर विसंबू नका. डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली स्पष्ट केलं, की अशा कलमाखालीसुद्धा चौकशी न करता, बाजू मांडू न देता नाव कमी करता येत नाही.

पाठवलेलं पत्र परत आलं तर लिफाफा फोडू नका. पोस्टमनचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा तुमच्या उपयोगाचा आहे. बंद लिफाफा, टपालाची पावती आणि कार्यालयप्रत एकत्र ठेवा. पत्त्याचं मात्र बघा. चाकण-भोसरीकडे भाड्याच्या खोल्या सतत बदलतात. पत्ताबदलाचा सहीचा अर्ज फाइलमध्ये नसेल, तर भरतीच्या वेळच्या पत्त्यावर पत्रं पाठवत बसाल.

सलग नोकरीचं कायदेशीर संरक्षण मागताना वर्षात 240 दिवस भरल्याचं सिद्ध करणं आधी कामगाराकडे असतं, हे खरं. पण त्याने मस्टर मागवलं आणि कंपनीने दिलं नाही, तर न्यायालय कंपनीविरुद्ध अनुमान काढू शकतं. तेव्हा अडचणीचं रजिस्टर ‘सापडत नाही’ म्हणणारे साहेब भेटले, तर त्यांना हे सांगा.

मागच्या तारखेचा मेमो तर अजिबात नको. जावक रजिस्टरात त्याला जागा नसते, मग ‘112/अ’ असा नंबर पडतो आणि समोरचा वकील उलटतपासणी तिथूनच सुरू करतो.

बायोमेट्रिक हजेरीची नुसती प्रिंट चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, त्यात हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा तिचा सांकेतिक क्रमांक) द्यावं लागतं. मशीनचा ठेकेदार बदलण्याआधी जुना डेटा ताब्यात घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.