स्टार्च-पीव्हीए ब्लेंडची रिओलॉजी करणार असाल तर आधी बीकरकडे बघा

माझं एमटेकचं काम मक्याचा स्टार्च आणि पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांच्या मिश्रणावर होतं. इचलकरंजीकडे सायझिंगवाले ताण्याच्या सुताला खळ लावतात ना, त्याच जातीचं. गरम असताना वाहतं, गार झालं की थिजतं, ते कधी आणि किती एवढंच मोजायचं होतं (रिओलॉजी म्हणजे हेच, पदार्थ कसा वाहतो आणि थिजतो ते मोजणं), पण पहिले तीन महिने एकही रीडिंग रिपीट होईना. ते मोजणाऱ्या रिओमीटरचं कॅलिब्रेशन दोनदा करून घेतलं, मशीन ठीकच होतं, गडबड होती सॅम्पल शिजवण्यात.

कुरडयांचा चीक गरम असतानाच सोऱ्यात भरतात, गार झाला की दाबताना हात भरून येतात, बघितलं असेल. स्टार्चचे कण शिजताना पाणी पिऊन फुगतात, आतलं अमायलोज, म्हणजे स्टार्चमधला सरळ साखळ्यांचा भाग, बाहेर येतं आणि गार होताना त्याच्या साखळ्या एकमेकींना धरून जाळं तयार करतात. मक्यात अमायलोज साधारण 25 टक्के असतं, वॅक्सी मक्यात (मक्याचीच एक जात) जवळजवळ नसतंच, म्हणून तो तसा घट्ट जमत नाही. आता किती जोरात ढवळलं त्यावर किती कण फुटले ते ठरतं, आणि मी एक दिवस काचेच्या दांडीने ढवळत होते, दुसऱ्या दिवशी स्टररने! मग 95 अंश, 30 मिनिटं, एकच आरपीएम आणि शिजल्यापासून बरोबर 5 मिनिटांनी रिओमीटरच्या प्लेटवर, असं पक्कं केलं तेव्हा कुठे ग्राफ एकावर एक बसायला लागले.

पीव्हीए वेगळा विरघळवा. पूर्ण हायड्रोलाइज्ड ग्रेड (ज्यातले अ‍ॅसिटेट गट जवळजवळ सगळे काढलेले असतात) गार पाण्यात ढवळत ढवळत भुरभुरायचा आणि मग 90 च्या वर न्यायचा, थेट गरम पाण्यात टाकलात की गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या मोडत नाहीत.

रिओमीटरवर कोन-प्लेट (खाली सपाट प्लेट, वर शंकू) शक्यतो नको, मधली गॅप 50 मायक्रॉनच्या आसपास असते आणि बटाट्याच्या स्टार्चचा न फुगलेला कणच 100 मायक्रॉनपर्यंत जाऊ शकतो. सपाट प्लेट, 1 मिमी गॅप घ्या. आणि कडेकडे लक्ष ठेवा, 80 अंशाला पाणी उडून तिथे पातळ पापुद्रा धरतो, जी प्राइम, म्हणजे सॅम्पल किती घट्ट आहे तो आकडा, एकदम उसळतो, मी त्यालाच जेल समजून दोन आठवडे घालवले. कडेला सिलिकॉन तेलाची बारीक रिंग दिली की पापुद्रा धरत नाही.

पहिली टेस्ट अँप्लिट्यूड स्वीप, म्हणजे हेलकावा हळूहळू वाढवत नेणं; लिनिअर रेंज, म्हणजे जाळं न मोडता किती हेलकावा चालतो, ती कुठवर आहे ते कळल्याशिवाय कूलिंग रन (गार करत करत मोजणं) लावूच नका, नाहीतर बनणारं जाळं तुम्हीच तोडत बसाल.

अजून एक, अमायलोज काही तासांत जमतं पण अमायलोपेक्टिन, म्हणजे स्टार्चमधला फांद्या असलेला भाग, कित्येक दिवस जमत राहतं आणि फ्रिजमध्ये ते आणखी भरभर होतं. त्यामुळे कालचं आणि आजचं सॅम्पल एकच नाही. बीकरवर मार्करने तारखेसोबत वेळही लिहा, मिनिटासकट.