'दिला' म्हणजे नेमकं काय? गोव्यात म्युझियमच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

रिझल्ट लागले की दरवर्षी मला दोन-तीन मेसेज येतातच. ताई, हिस्ट्रीत एमए झालंय, म्युझियममध्ये काम करायचंय, कोर्स कुठला करू, स्कोप आहे का. स्कोपचं मला विचारू नका. माझा पहिला पगार १४ हजार होता आणि त्यात तिकिटं फाडणं, शाळेच्या सहलींना फिरवणं, पावसात गळतं तिथे बादली ठेवणं सगळं आलं, हुद्दा मात्र असिस्टंट क्युरेटर. कोर्सचं म्हणाल तर बडोद्याला म्युझियॉलॉजी १९५२ पासून शिकवतात, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पीजी डिप्लोमा आहे, जमलं तर यातलं काहीतरी करा. आठ दिवसांची ऑनलाइन सर्टिफिकेटं माझ्याकडेही चार आहेत, कुठे ठेवलीत ते शोधावं लागेल.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. येणारा प्रत्येक जण म्हणतो, मला काहीतरी नवीन करायचंय. म्हणजे काय विचारलं की क्यूआर कोड, अॅप, डोळ्याला लावायचा चष्मा. मीपण इंटरव्ह्यूत हेच बोलले होते, समोरचे खूश झाले होते, आणि नंतर कळलं की तिथे वस्तूंचं धड रजिस्टरच नव्हतं. क्यूआर स्कॅन केल्यावर उघडणार काय? सी-डॅक या सरकारी संस्थेने पुण्यात बनवलेलं 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर आहे खास म्युझियमसाठी, चांगलंय, पण त्यातही आधी तुम्हालाच भरावं लागतं ना, वस्तू कोणती, कुठून आली, कोणी दिली, कधी दिली. या 'कोणी दिली'पाशीच माझं घोडं अडलं.

त्याआधी एक सांगते, कामाला लागायच्या आधी निदान महिनाभर नुसतं फिरा. रेईश मागूशचा किल्ला बघा, १९९३ पर्यंत तिथे तुरुंग होता, दुरुस्ती होऊन २०१२ ला लोकांसाठी उघडला. किल्ला बघायला चढलेला माणूस व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांसमोर अडकतो आणि चित्रांसाठी आलेला तोफांपाशी. आग्वादचा जेल बघा, स्वातंत्र्यसैनिकांना डांबलेल्या कोठड्या आता म्युझियम आहेत. बाणावलीचं गोवा चित्र बघा. आमच्या गोठ्यात उंदरांनी खाल्लेला नांगर तसलाच तिथे नीट मांडलेला बघून मला पहिल्यांदा लाज वाटली होती. आणि जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चच्या बाहेर अर्धा तास उभे राहा. हा परिसर १९८६ पासून जागतिक वारसा आहे. लोकांना वाटतं ही बॅसिलिका पहिल्यापासून अशीच लालभडक. मुळात गिलावा होता तिच्यावर, तो १९५० च्या दशकात पोर्तुगीजांच्या काळातच एका आर्किटेक्टने काढून टाकला, जुनीपुराणी दिसावी म्हणून, आणि तेव्हापासून उघडा पडलेला चिरा, म्हणजे जांभा दगड, दर पावसाळ्यात झिजतोय. आता परत गिलावा करा म्हटलं की लोकच विरोध करतात, कारण फोटोत लाल चांगली दिसते. दिसण्यासाठी केलेल्या कामाचं पुढे काय होतं ते बघायला याहून लांब जायला नको.

आता माझं. २०२३ च्या उन्हाळ्यात मी आमच्या म्युझियमवाल्यांना पटवलं की आपण गावातल्या घराघरातल्या वस्तूंचं प्रदर्शन करूया, लोकांनीच आणायच्या, लोकांनीच सांगायचं, लेबलंही त्यांच्याच शब्दांत. म्युझियमची जी नवी आंतरराष्ट्रीय व्याख्या २०२२ ला प्रागमध्ये ठरली तिच्यात समुदायांचा सहभाग हे शब्द आलेत, ते मी मोठ्या अक्षरात पोस्टरवर छापले. त्याच वाक्यात त्याच्या आधी 'नैतिकपणे' आणि 'व्यावसायिकपणे' असेही शब्द आहेत, ते पोस्टरवर मावले नाहीत म्हणून मी गाळले. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा नाही आलं.

दोन महिने स्कूटरवरून फिरले. १९ घरांतून ४३ वस्तू मिळाल्या. पाणी तापवायचं तांब्याचं भाण, धान्य मापायची लाकडी पायली आणि कुडव, एक जुनी आदोळी म्हणजे विळी, वाटणाचा दगडी रगडो तर तिघांनी उचलून रिक्षात घातला. लोक इतके खूश की प्रत्येक घरी चहा, फणसाचे गरे, आणि वरून आग्रह. एका घरी काकांनी देवघरातला लामणदिवा काढून दिला, पितळेचा, लांब साखळीचा, वर छोटा मोर. मी म्हटलं काका राहू दे, देवाचा आहे. तर म्हणाले, "बाय, तूं व्हर. हांगा पडून आसा." म्हणजे तू घेऊन जा, इथे नुसता पडून आहे. मी नेला. डायरीत लिहिलं, लामणदिवा, काकांनी दिला. खाली तारीख. झालं माझं डॉक्युमेंटेशन.

सगळा घोटाळा या 'दिला'त आहे आणि हे मी जरा ताणून सांगणारे, कंटाळा आला तरी वाचा. आपल्याकडे शेजाऱ्याला पायली दिली तरी दिली आणि मुलगी दिली तरी दिली. एक उद्या परत येते, दुसरी सणावाराला येते आणि दक्षिणा दिली ती तर परत येतच नाही. मला वाटलं काकांनी दक्षिणेसारखा दिला, म्हणजे दान. काकांना वाटलं पायलीसारखा. आमच्या साहेबांना वाटलं आता हा म्युझियमचा, त्यांनी तर वार्षिक अहवालात 'देणगी' म्हणून छापूनही टाकला. तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

आणि मुळात काकांना देण्याचा अधिकार होता का? घर वडिलोपार्जित, थोरले भाऊ मुंबईला असायचे, ते वारले, त्यांची मुलं तिकडेच. बहीण मडगावला. वाटण्या नाहीत, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करायची कोर्टाची प्रक्रिया, झालेली नाही, म्हणजे घरातल्या चमच्यावरही सगळ्यांचा हिस्सा. वर आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्न झालं की वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवराबायकोची अर्धीअर्धी, ते वेगळंच. म्हणजे मी दिवा नेला तेव्हा काकींना तरी विचारायला हवं होतं, आणि काकी त्या दिवशी लेकीकडे गेलेल्या. घरात जो पुरुष समोर बसलाय त्याने हो म्हटलं की झालं, हे मी, एका बाईने, गृहीत धरलं होतं.

मग आली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मुंबईची मंडळी आली, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली, देवासमोर बघतात तर दिवा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला थोरल्यांचा मुलगा म्युझियमच्या दारात. "आमचो लामणदिवो खंय आसा? कोणाक विचारून दिलो?" खंय म्हणजे कुठे. मी डायरी दाखवली. त्याने ती वाचली, म्हणाला यात काकांची सही कुठाय? नव्हती. मी दिवा काढून हातात दिला, तर साखळीची एक कडी तुटलेली. तो म्हणाला तुम्ही तोडली. मी म्हणाले आधीच तुटलेली असेल. खरं सांगते, आजही मला माहीत नाही ती कधी तुटली. माझ्याकडे एकच फोटो, काका दिवा धरून हसतायत आणि त्यांचा अंगठा नेमका त्या कडीवर.

साहेब म्हणाले तुमचं तुम्ही निस्तरा. मी माझ्या पैशाने डिचोलीच्या कांसाराकडून कडी बसवून घेतली आणि त्या भल्या माणसाने कौतुकाने अख्खा दिवा घासून लखलखीत करून दिला, म्हणजे कित्येक वर्षांचा जो काळपट थर होता तोही गेला. एका चुकीत तीन चुका. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. महिन्याभरात १९ पैकी ११ घरांनी वस्तू परत नेल्या, भांडण करून नाही, हसतमुखाने, 'जरा घरात लागतंय' म्हणत. रिकाम्या चौथऱ्यांवर लेबलं तशीच होती. मी आठवडाभर रजा टाकली, फोन बंद.

तर आता मी काय करते. एक पानाचा कागद, मराठीत, मोठ्या टायपात. वर पहिलाच प्रश्न, दान की ठेव, आणि दोन्हीचा अर्थ साध्या शब्दांत मोठ्याने वाचून दाखवते, अडखळत अडखळत का होईना. ठेव असेल तर परत न्यायची तारीख, 'कायमची ठेव' असा शब्दच मी लिहू देत नाही कारण त्याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात. घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या सह्या, नवराबायको दोघांच्या नक्की, बाहेरगावी असलेल्यांचा निदान होकाराचा मेसेज. दान असेल तर मेसेजवर भागवत नाही, सह्याच. वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून, चीर, पोचा, तुटलेली कडी जे असेल त्याचा जवळून वेगळा फोटो आणि त्यावर मालकाचीही सही. फोटो ऑनलाइन टाकला तर चालेल का तेही विचारते, लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त जण नाही म्हणतात, चोरीची भीती असते. दोन प्रती, एक त्यांच्या घरी, शक्यतो कपाटात लाइट बिलांबरोबर कारण ती फाइल कोणी फेकत नाही. वस्तू १०० वर्षांहून जुनी वाटली, किंवा पोथी ७५ वर्षांहून, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा डोक्यात ठेवायचा आणि हात लावण्याआधी जाणकाराला विचारायचं. आणि घासायचं नाही. काहीही, कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून घासायचं नाही.

वाटतं की कागद काढला की लोक बिचकतील, प्रेम आटेल. मलाही वाटायचं. उलट झालं. कागद बघून एक आजी म्हणाल्या, म्हणजे तुम्ही परत देणार आहात खरंच? मला तेव्हा कळलं की त्या आधी मला वस्तू देत होत्या ते ती गेली असं समजूनच.

पावसाळ्याबद्दल एकच. पैसे नसतील तर एसीच्या मागे लागू नका. दिवसा एसी आणि रात्री बिल वाचवायला बंद, यात दमटपणा सारखा वरखाली होतो आणि लाकूड, कागद, चित्रं यांना ते एका पातळीवरच्या दमट हवेपेक्षाही वाईट. त्यापेक्षा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आठवड्याला टॉर्च घेऊन बुरशी आणि वाळवी बघा, आणि जुन्या चुन्याच्या भिंतीला कोणी सिमेंट लावायला आला तर आडवे पडा. भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते.

गुरूंबद्दलही बोलते, राग येईल काहींना. हेरिटेज वॉक घेणारे, कॅमेऱ्यासमोर छान बोलणारे खूप आहेत, त्यांच्याकडून बोलायला शिका, हरकत नाही. पण कामाचं मला ज्यांनी शिकवलं ते एका सरकारी स्टोअरमधले रिटायरमेंटला आलेले अटेंडंट होते. कुठली पेटी कुठल्या साली कुठून कुठे हलवली हे त्यांना पाठ होतं आणि त्यांना आजवर कोणीच ते विचारलं नव्हतं. पहिल्या महिन्यात अशा माणसाच्या शेजारी स्टूल टाकून बसा. तुमचा साहेब म्हणेल वेळ फुकट घालवतेय. घालवा.

आणि घाबरवून सोडायचं नाहीये मला. ११ घरांपैकी सात परत आली, कागदावर सह्या करून. आपल्याकडे जागा छोट्या, माणसं ओळखीची, चूक झाली तर तोंडावर सांगतात आणि मग चहा पण देतात, दिल्ली-मुंबईच्या मोठ्या म्युझियममधल्या माझ्या मैत्रिणींना हे सुख नाही. पगार वाढलाय, थोडा. आता निदान बादली ठेवायला माणूस आहे.

लामणदिवा पण परत आलाय. मुंबईच्या पुतण्यानेच फोन केला, मीच जाऊन आणला, सहा सह्या आणि २२ फोटो. अट एकच, चवथीला दिवा घरी जाणार. सुरुवातीला साहेब कुरकुरले, चालू प्रदर्शनातली वस्तू मधेच कशी काढणार. मी म्हटलं काढूया, आणि रिकाम्या हुकाखाली चिठ्ठी लावूया, 'चवथीला घरी गेलाय, पंधरा दिवसांनी येईल'. गेल्या वर्षी लोक दिव्यापेक्षा जास्त वेळ त्या चिठ्ठीपाशी थांबले, आणि दोघांनी विचारलं आमच्या घरची समई अशी ठेवता येईल का. घरी पोचवायला मीच गेले होते. काकी दारात उभ्या, दिवा हातात घेतला, वजन केल्यासारखा जरा वरखाली केला आणि आत ओरडून म्हणाल्या, "आयलो गे, दिवो कुळारा आयलो." कुळार म्हणजे माहेर, घाटावरच्यांसाठी सांगते. मग माझ्याकडे वळून, कागद खंय?

यंदा चवथीला तीन आठवडे आहेत. फॉर्म काढून ठेवलाय, कडीचा फोटो उद्या काढेन.